मशीनचं म्हणणं

रात्री साडेनऊच्या सुमाराला फोनवर एक फोटो आला. फोर्कलिफ्टच्या छोट्याशा पडद्याचा. काचेवर बाष्प साचलेलं, कोणीतरी बोटाने पुसून तेवढीच जागा मोकळी केलेली, आणि त्या मोकळ्या जागेत ३६ हा आकडा. खाली मजकूर होता, "मोटर गेली म्हणतायत. नव्या मोटरचं कोटेशन पाठवा." पाठवणारे रत्नागिरीतल्या एका मासळीच्या कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर. ऑगस्टचा पहिला आठवडा. पावसाळी बंदी उठून ट्रॉलर पुन्हा दर्यात गेलेले, मिरकरवाड्याच्या जेटीवर माल उतरू लागलेला, आणि अशा दिवसांत फ्रीझरमधलं एकुलतं एक इलेक्ट्रिक मशीन अडलं तर मॅनेजरच्या जिवाची काय घालमेल होते ते मी जवळून पाहिलेलं आहे. माल आत जायचा थांबला की बाहेर ट्रकांची रांग लागते आणि कोळंबी कोणासाठी थांबत नाही. मी कोटेशन पाठवलं नाही. सकाळी येतो, एवढंच कळवलं.

पोचलो तेव्हा मशीन बाहेरच्या पोर्चमध्ये आणून ठेवलेलं होतं आणि अगदी नीट चालत होतं. पुढे, मागे, फोर्क वर, फोर्क खाली, कुठे कुरकुर नाही. माझ्या आधी दोघे जण येऊन गेले होते. दोघांनीही ते इथेच, उजेडात, कोरड्या जागी तपासलं, पडद्यावरचा तो ३६, म्हणजे बिघाडाचा कोड, पुसला, आणि पुन्हा आला तर मोटर बदला असं सांगून गेले. मॅनेजर माझ्याशी बोलत असताना बाजूला प्लास्टिकच्या क्रेटवर ऑपरेटर बसला होता. देवगडकडचा मुलगा, विशी-बाविशीतला. ऑगस्टच्या घामट हवेत कानटोपी आणि जाडजूड जॅकेट घालून बसलेला, कारण बोलावणं आलं की त्याला उणे १८ अंशांत शिरायचं होतं. मी त्याला विचारलं, "गाडी कधी बंद पडते रे?" त्याने आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भायर कधीच पडणा नाय. आतमदी अर्धो तास झालो की पडता. ती पण डावीकडे वळवताना." मी हातातली बॅग खाली ठेवली. आधीच्या मेकॅनिकना हे सांगितलंस का, असं विचारलं.

"माका कोणी इचारल्यानच नाय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. सहज बोलला तो, आणि म्हणूनच ते वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना. मशीनने दाखवलेल्या आकड्याचा रात्रीच्या रात्री फोटो निघाला, तो तीन-चार माणसांकडे पोचला, त्याच्या अर्थावर चर्चा झाली, मोटरची किंमत काय पडेल याचा अंदाज मालकांच्या कानावर गेला. आणि जो माणूस दिवसाचे आठ तास त्या सीटवर बसतो, ज्याच्या पाठीला आणि तळपायाला त्या मशीनची थरथर न् थरथर ओळखीची आहे, तो शेजारी क्रेटवर बसून होता. मॅनेजर वाईट माणूस नाही, हेही लिहायला हवं. ऑपरेटरच्या आईच्या ऑपरेशनला त्याने स्वतः पैसे उचलून दिले होते. मशीनबद्दल मशीन चालवणाऱ्याला विचारावं, हे मात्र त्याच्या मनातच आलं नाही. पडद्यावर आकडा आला म्हणजे मशीनने सांगितलं, आता माणसाने आणखी काय सांगायचं राहिलं, असा तो हिशोब.

मी पाहतो त्यातल्या बऱ्याचशा इलेक्ट्रिक मशीनवर कर्टिस कंपनीचे कंट्रोलर असतात, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारे डबे. पडदा नसला किंवा पडदाच गेलेला असला तरी कंट्रोलरच्या अंगावर दोन बारीक दिवे असतात, लाल आणि पिवळा. लाल एकदा लुकलुकला की पहिला अंक येणार, मग पिवळा तीनदा. लाल दोनदा लुकलुकला की दुसरा अंक, मग पिवळा सहादा. छत्तीस. अंधाऱ्या पॅनेलमध्ये डोकं खुपसून ही मोजदाद करताना मला अजूनही त्याचं अप्रूप वाटतं. एसी मोटरच्या बेअरिंगमध्येच बऱ्याचदा एन्कोडर नावाचा सेन्सर बसवलेला असतो. शाफ्ट फिरला की त्यातून दोन सिग्नल निघतात, एक दुसऱ्याच्या किंचित पुढे. पुढे कोण यावरून चाक कुठल्या दिशेने फिरतंय ते कळतं, आणि किती भराभर येतात यावरून वेग. कंट्रोलर हे वाचतो आणि त्याप्रमाणे मोटरला करंट देतो. सिग्नल तुटला की मोटर काय करतेय हे त्याला दिसेनासं होतं, म्हणून तो गाडी थांबवतो आणि ३६ दाखवतो. मॅन्युअलमध्ये या कोडसमोर कारणंही लिहिलेली असतात. आधी एन्कोडर खराब असणं, आणि मग क्रिंप, म्हणजे वायरीच्या टोकाचा दाबून बसवलेला जोड, किंवा वायरिंग खराब असणं. दुसऱ्या कारणापर्यंत लोक पोचत नाहीत. पहिल्या कारणात विकत आणता येईल अशी वस्तू असते, दुसऱ्यात नुसती मेहनत.

आमच्याकडे देवळात, होळीच्या मांडावर गाऱ्हाणं घालतात. घालणारा एकच असतो, आवाज त्याचा असतो, पण दुखणं साऱ्या वाडीतलं कुणाचंही असू शकतं. कोडचं मला तसंच वाटतं. कंट्रोलरला फक्त त्याच्या स्वतःच्या पिनांवर काय येतं तेवढं कळतं. तो आकडा दाखवतो तेव्हा त्याच्यापाशी काहीतरी पोचायला हवं होतं ते पोचलं नाही, एवढंच तो सांगत असतो. कुठे अडलं, हे त्याला ठाऊक नसतं. ४८ व्होल्टची बॅटरी घ्या. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल. मशीन वजन उचलायला जातं आणि कमी व्होल्टेजचा कोड देऊन मलूल होतं. ताबडतोब निदान ठरतं, बॅटरी गेली. लाखांतला खर्च. पण कंट्रोलर व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवर, बॅटरीच्या नाही. मधे मोठा प्लग आहे, केबल आहे, फ्यूज आहे, कॉन्टॅक्टर नावाचा मोठा स्विच आहे. मशीन नुसतं उभं असताना मीटर लावला तर सगळं छान दिसतं. भरलेलं पॅलेट उचलायला लावून त्याच वेळी आधी बॅटरीवर आणि मग कंट्रोलरवर मोजलं की फरक समोर येतो. एका काजूच्या कारखान्यात मी प्लगला हाताची पालथी बाजू लावली आणि लगेच मागे घेतली, इतका तो तापलेला. आतली पट्टी काळी पडून तिच्यावर खळगे उमटले होते. प्रत्येक सेलच्या ॲसिडची घनता हायड्रोमीटरने मोजली, पूर्ण चार्जनंतर १.२८ च्या आसपास हवी तशी ती होती. बॅटरी ठणठणीत होती. बिचारी उगाच बदनाम झाली होती.

यात आपल्या हवेचा वाटा फार मोठा आहे. घाटावरून आलेले मेकॅनिक सुरुवातीला चक्रावतात. तेच मशीन, तेवढेच तास चाललेलं, कोल्हापूरला पाच वर्षांत जे दुखणं दाखवत नाही ते इथे दुसऱ्या पावसाळ्यात दाखवतं. समुद्रावरून येणारा वारा मीठ घेऊन येतो आणि ते मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. तांब्याला हिरवं चढतं, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी बसते, वायरी एकमेकींना जोडणारा कपलर उघडला की पिना शेवाळल्यासारख्या दिसतात. मे महिन्यात जांभ्याची तांबडी धूळ फिल्टर चोंदवते, आणि जूनमध्ये त्याच धुळीवर पहिला पाऊस पडून तिचा लेप होतो. कोल्ड स्टोरेजमध्ये तर याच्यावर कडी. मशीन उणे १८ मधून बाहेर येतं आणि बाहेरची दमट हवा त्याच्या गार पत्र्याला लागते, की क्षणात सगळ्या अंगाला घाम फुटतो. ते पाणी कपलरच्या बेचक्यात उतरतं. मशीन पुन्हा आत जातं, पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि रबरी सील थोडं थोडं रेटत राहतं. दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर. मशीनला बाहेर काढायचं तर पूर्ण सुकेपर्यंत बाहेर ठेवा, नाहीतर पाळीभर आतच राहू द्या, असं मी सांगत असतो. पण माल उतरत असतो तेव्हा हे कोणाला परवडतं?

त्या मुलाबरोबर मी आत गेलो. त्याने कुठूनतरी एक जास्तीचं जॅकेट आणून दिलं, त्याला कोळंबीचा आणि डिझेलचा मिसळलेला वास येत होता. मशीन तो चालवत होता, मी रॅकच्या कडेला भिंतीशी उभा. फ्रीझरमधला आवाज बाहेरच्यांना कळणार नाही. पंख्यांची एकसुरी घरघर सगळं गिळून टाकते, नाकातला ओलावा कडक होतो, आणि काही वेळाने पेन चालायचं थांबतं. त्याने पॅलेट ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग एका रॅकपाशी थांबून मला हाताने खूण केली, आता बघा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे घेतलं आणि मशीन गचका देऊन थांबलं. पडद्यावर ३६. चावी बंद करून चालू केली, मशीन चाललं, पुन्हा डावीकडे, पुन्हा ३६. उजवीकडे कितीही वळवा, काही नाही. त्याच्या चेहऱ्यावर मला खोटं ठरायचं नव्हतं असा एक सुटकेचा भाव आला. तो मला त्या थंडीतही ठळक दिसला.

या मशीनमध्ये मागचं एकच चाक गाडी ओढतं आणि तेच वळतंही. मोटर चाकाबरोबर फिरते आणि मोटरकडे जाणारा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, प्रत्येक वळणाला पिळला जातो. बाहेर आणून बॅटरीचा प्लग काढला, कंट्रोलरमधला साठलेला चार्ज उतरू दिला, चाक जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं, आणि पायाखालचा पत्रा खोलला. हार्नेसवर एका जागी काळी टेप गुंडाळलेली होती, कडेने सुटत आलेली. टेप सोडवली. खाली चार बारीक वायरी, त्यातल्या एकीच्या आवरणावर सुईच्या टोकाएवढं भोक. पूर्वी कधीतरी कोणीतरी मीटरची टोकदार पिन वायरीत खुपसून सिग्नल येतोय का ते बघितलेलं. ही सवय सगळीकडे आहे. कपलर सोडवून मागून मोजायला वेळ लागतो, पिन खुपसली की झटपट आकडा मिळतो. पण किनाऱ्यावर त्या भोकातून खारा ओलावा आत जातो आणि तारांच्या बारीक फटींमधून लांबवर चढत राहतो. मी भोकाच्या जागी आवरण सोललं. तांब्याचा रंग उरलाच नव्हता, काळपट हिरवा चुरा झाला होता. थोडं वाकवलं तर बहुतेक तारा तुटून बोटांवर आल्या. राहिल्या असतील एक-दोन. उबेत त्या एकमेकींना टेकत होत्या आणि थंडीत आवरण आखडून ताठ झालं, त्यात डावीकडचा ताण पडला, की सुटत होत्या. दोन्ही बाजूंना चकाकतं तांबं लागेपर्यंत वायर कापत गेलो. बरीच कापावी लागली. नवा तुकडा जोडला, क्रिंप केला, आत गोंद असलेली, तापवली की आवळून बसणारी श्रिंक ट्यूब चढवली आणि वळणाला पुरेल इतकी ढील ठेवून हार्नेस पुन्हा बांधला. मोटरला हातही लावला नाही. मुलगा सगळा वेळ टॉर्च धरून उभा होता, आणि मी सांगायच्या आधी उजेड हवा तिकडे वळत होता.

कोडवर माझा राग नाही. हे काम मी ज्यांच्याकडे शिकलो ते लोटे गावातले एक जुने डिझेल मेकॅनिक, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या काळातल्या मशीनना कोड नव्हते. काळा धूर म्हणजे डिझेल अर्धवट जळतंय, निळसर धूर म्हणजे ऑइल चेंबरमध्ये येतंय, इथून सुरुवात. मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कुठला इंजेक्टर नीट मारत नाही ते सांगायचे. तरुणपणी मला ते जादूसारखं वाटे. पण आता मागे वळून बघताना लक्षात राहिलंय ते वेगळंच. स्पॅनर हातात घेण्याआधी अण्णा ऑपरेटरला बिडी द्यायचे, स्वतः एक पेटवायचे आणि विचारायचे, "काल काय वेगळं झालं?" काही नाही, असं उत्तर हमखास यायचं. मग ते गप्प बसायचे. बिडी संपत आली की ऑपरेटर आपणहून बोलायला लागायचा. काल डिझेल दुसऱ्या पंपावरून आणलेलं, परवा पोरांनी रेडिएटरमध्ये ओढ्याचं पाणी ओतलेलं. अर्धं निदान तिथेच व्हायचं. अण्णांना विचारावंच लागायचं, कारण मशीन बोलत नव्हतं. आता मशीन बोलतं, म्हणून आपण विचारणं सोडलं असेल का? मला तसं वाटतं, पण ते सरसकट खरं नसेल. अण्णांच्याच पिढीतले कितीतरी जण ऑपरेटरला शिवी घालूनच कामाला सुरुवात करायचे, तेही मी पाहिलंय.

आणि कधीकधी मशीनच माणसाची बाजू घेतं. कंट्रोलरच्या पोटात जुन्या कोडांची नोंद राहते, कुठला कोड कुठल्या तासाला आला ते पुष्कळ मशीनमध्ये अवर मीटरच्या, म्हणजे मशीन एकूण किती तास चाललं त्याच्या, आकड्यासकट. एका गोदामात ऑपरेटरवर ठपका होता की तो गाडी दामटतो, म्हणून ती गरम होऊन बंद पडते. पगारातून कापायची भाषा चालली होती. नोंद उघडली तर तापमानाचे सगळे कोड एका विशिष्ट तासानंतरचे, आणि त्याच सुमाराला कंट्रोलरचा पंखा बंद पडला होता. पंख्याच्या जाळीत नारळाच्या काथ्याचा बोळा अडकलेला. कापणी टळली. पण तीच नोंद उलट्या कामालाही येते. आता काही मशीनला ऑपरेटरचा वेगळा पिन नंबर असतो, धक्का बसला की सेन्सर कोणाच्या पाळीत बसला ते लिहून ठेवतो. सुरक्षेसाठी हे असावंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र उखडलेल्या फरशीवरून, मॅनेजरनेच घाई करायला लावल्यावर बसलेला धक्काही त्याच रकान्यात जातो. फरशीचं नाव तिथे येत नाही.

आंब्याच्या दिवसांतली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पल्पचे कारखाने एप्रिल-मे-जूनमध्ये रात्रंदिवस चालतात. २०० लिटरचे ड्रम, एका पॅलेटवर चार, आणि सगळीकडे हापूसचा तो गोड, जड, शेवटी शेवटी नकोसा होणारा वास. तिथल्या एका मशीनवर दररोज सकाळी ४७ यायचा. हा कोड मशीन बिघडल्याचा नसतोच मुळी. चावी, सीट, दिशेचा खटका आणि ॲक्सिलरेटर यांचा क्रम चुकला, म्हणजे चावी फिरवताना पेडल आधीच दाबलेलं असलं, तर गाडी एकदम उडी मारू नये म्हणून कंट्रोलर ती हलूच देत नाही. इथे पेडलवर कोणी पाय ठेवत नव्हतं. रात्रपाळीत बुटांना लागलेला रस पेडलच्या खिट्टीत झिरपायचा, मशीन उभं राहिलं की पहाटेपर्यंत वाळून घट्ट व्हायचा, आणि पेडल पूर्ण वर यायचं नाही. मोजून एक पेरभर खाली राहायचं. गरम पाणी आणि कापड, एवढाच इलाज. पण मी पोचण्याआधी कोणीतरी सीटच्या स्विचवर संशय घेऊन त्याच्या दोन वायरी सरळ जोडून टाकल्या होत्या. म्हणजे सीटवर माणूस नसतानाही मशीनला माणूस बसलाय असंच वाटणार. चालू मशीनवरून ऑपरेटर उतरला, लिव्हरला धक्का लागला, तर टनभर वजनासकट ते चालत सुटेल. ती वायर काढताना मला जे वाटलं ते सौम्य शब्दांत लिहिता येणार नाही. जुगाडाचं आपल्याकडे फार कौतुक होतं. कौतुक करणाऱ्याने एकदा फोर्कलिफ्ट आणि भिंत यांच्यामध्ये सापडलेला माणूस पाहावा. मी पाहिलाय. तो वाचला, पण पूर्वीसारखा चालत नाही.

कोडच नसतात असेही दिवस येतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतरचे आठवडे आम्ही सगळे तिकडेच होतो. पाणी ओसरलेल्या गोदामांत भिंतींवर माणसाच्या डोक्यावरून गेलेली चिखलाची रेघ, आणि आत आडवी-तिडवी पडलेली मशीन. एका मालकाने मला विचारलं, "कोड काय दाखवतंय?" त्याच्या घरात काही उरलं नव्हतं, दुकानातही नाही, आणि तो मशीनचा कोड विचारत होता, कारण कोड असला तर निदान काय करायचं ते तरी कळलं असतं. कंट्रोलर खोलला तर आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. मी त्याला सांगितलं, आधी धुऊ, सुकवू, घाईने बॅटरी जोडू नका. धुतलेल्या सर्किटच्या पाट्या त्याच्या बायकोने ओसरीवर, गोधड्यांच्या शेजारी ओळीने मांडून ठेवल्या. त्यातलं काही वाचलं, पुष्कळसं गेलं.

रत्नागिरीच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीनची एक नोंदवही आहे, अशी बहुतेक ठिकाणी असते. तारीख, अवर मीटर, कोड, बदललेला पार्ट, सही. एवढेच रकाने. मी मॅनेजरना म्हटलं, आणखी एक रकाना आखा, ऑपरेटर काय म्हणतो. त्यांनी जरा विचार केला आणि पट्टी-पेन्सिल मागवून तिथल्या तिथे वहीच्या उरलेल्या पानांवर स्वतः रेघा मारल्या. त्यानंतर मी जिथे जातो तिथे हेच सुचवतो. काही ठिकाणी हो म्हणून विसरतात. काही ठिकाणी सुपरवायझर स्वतःच भरून टाकतो, सगळ्या पानांवर "ओके, ओके, ओके". पण जिथे ऑपरेटरच्या हातात पेन जातं तिथलं वाचताना मला खरंच आनंद होतो. "पाऊस असला की सकाळी मास्ट हळू" (मास्ट म्हणजे फोर्क ज्यावर वर-खाली होतात तो उभा सांगाडा). "चार्जिंग झाल्यावर तिसऱ्या झाकणातून जास्त वास." "रिकामी असताना उजवीकडे कर्र." "ब्रेक लागतो पण पाय आत जातो." अशुद्ध लिहिलेलं असतं, कुठे ऱ्हस्व-दीर्घ नाही, कुठे शब्द अर्धे. पण "पाय आत जातो" हे जगातला कुठलाही सेन्सर लिहू शकणार नाही, आणि त्या एका ओळीवरून मी निघतानाच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा किट बरोबर घेतो.

गेल्या आठवड्यापासून कुडाळच्या एमआयडीसीतलं एक डिझेल मशीन अडलंय. नव्या इंजिनाचं आहे, त्याच्या कोडात दोन आकडे येतात, कुठली गोष्ट आणि तिला काय झालंय. पडद्यावर १०० आणि ३. शंभर म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, तीन म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त. ऑइलचा सेन्सर बदलून झालाय, नवा बसवला तरी तोच कोड, आणि साधा काट्याचा गेज लावून पाहिला तर दाब अगदी बरोबर. फोटो मला आला तेव्हा मी नोंदवहीच्या पानाचाही फोटो मागवला. शेवटच्या रकान्यात रात्रपाळीच्या ऑपरेटरने लिहिलंय, "फक्त हेडलाइट लावल्यावर." म्हणजे एक तर हेडलाइटची वायर कुठेतरी घासून सेन्सरच्या वायरीला लागतेय, नाहीतर दोघांची अर्थिंगची वायर एकाच बोल्टवर आहे आणि तो बोल्ट गंजलाय. गुरुवारी जातोय. दिवसा गेलो तर ज्याने ते लिहिलं तो भेटणार नाही, म्हणून रात्री आठला पाळी बदलते तेव्हा पोचतो असं कळवलंय, आणि मी येईपर्यंत मशीनला कोणी हात लावू नका असंही.